कापूस पेटला नाही

शीक्वांगशान, हुनान
३ मार्च १९९४

कुन्या,

आशीर्वाद मागाहून देते, आधी शिव्या घे. नववर्षाला आला नाहीस, पत्र नाही, साधी तार नाही. आई गेल्यावर तुला पाठीशी बांधून मी खाणीवर दगड फोडले, ते असला भाऊ पदरात पडावा म्हणून? असो. काम निघालंय म्हणून लिहितेय.

पेइलानला तुझ्याकडे धाडतेय. अठरा पुरी झाली. इथं राहिली तर माझ्यासारखी भट्टीवर गोण्या भरेल आणि तिशीत खोकायला लागेल. शिवाय तुझ्या भाऊजींचं डोकं तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात वजनकाट्यावरच्या एका मेल्यानं पोरीकडं बघून शीळ घातली. हे सुरुंग उडवून खाणीतून वर येत होते, हातात पहार. एकच तडाखा, जबडा दोन ठिकाणी मोडला. पोलीस आले तर त्यांना म्हणतात कसे, "शीळ ओठानं घालतात साहेब, ओठ शाबूत आहेत त्याचे." नऊ दिवस आत होते. बाहेर आले आणि पहिलं काय केलं, तर पहार धुतली.

तेव्हा पोरीला लांब पाठवणंच बरं. पण नीट ऐक. तिच्या केसाला धक्का लागला तर तुझे भाऊजी कुणाला आवरायचे नाहीत, आणि मी त्यांना आवरणार नाही. तू तिथं आहेस, या एका गोष्टीवर तिला गाडीत बसवतेय.

तिच्याबरोबर चार किलो सुक्या मिरच्या आहेत. तुझ्या त्या दमट मुलखात बुरशी लागू दिलीस तर तिथं येऊन तुझ्या नाकात कोंबीन. आपल्या डोंगरातली अँटिमनीची पांढरी पूड यंदा सोन्याच्या भावानं चाललीय. सांडलेली चिमूटसुद्धा झाडून घेतात. तुमच्या कंपनीच्या गोण्या मीच शिवते, त्यावर तुझं गाव लिहिलेलं असतं ना.

आता आशीर्वाद.

तुझी ताई,
शुझेन

---

चांगमूथौ, क्वांगतुंग
२४ मार्च १९९४

ताई,

शिव्या पोचल्या, मिरच्या पोचल्या, भाचीही पोचली. तिघी सारख्याच तिखट.

पेइलानला शेजारच्या कारखान्यात लावली. तिथं विजेचे लांब बोर्ड बनतात, एकात सहा प्लग बसतात तसले, आणि त्यांचं वरचं कवच आमच्याच नायलॉनचं. तिचा फोरमन मोउ नावाचा सिचुआनी आहे. तोंड म्हणजे गटार. पहिल्याच दिवशी तिच्यावर खेकसला तर हिनं स्क्रूंचा डबा त्याच्या अंगावर रिकामा केला. मला वाटलं, संपलं. तर तो हसत सुटला आणि तिला खिडकीजवळची जागा दिली. काळजी करू नकोस, मी आहे.

मी करतो काय, असं भाऊजी नेहमी विचारतात. त्यांना सांग, ते फोडतात, मी जाळतो. नायलॉनला तसं सोडलं तर ते मेणबत्तीसारखं जळतं. म्हणून वितळवताना त्यात ब्रोमिनची भुकटी घालतात आणि तुझी पांढरी पूड. दोघी नवराबायकोसारख्या. एकटीनं काही होत नाही, एकत्र आल्या की आगीचा गळा दाबतात. मग त्या मालाच्या बोटभर रुंद पट्ट्या येतात माझ्याकडं. पट्टी उभी टांगायची, खालून दहा मोजेपर्यंत ज्योत लावायची, काढायची, पुन्हा लावायची. किती वेळ जळते ते बघायचं. आणि पट्टीखाली, वीतभराहून थोडा जास्त खाली, कापूस ठेवायचा. पेटतं टिपूस पडून कापूस पेटला की माल खालच्या नंबरात. नाही पेटला तर वरच्या नंबरात, आणि वरच्या नंबराशिवाय बोर्डवाले माल घेतच नाहीत.

मालक क्वोक हाँगकाँगचा, तुझ्या पुडीचा भाव ऐकून छाती बडवतो. या महिन्यात त्यानं पूड निम्मी केली. मी म्हटलं, पट्ट्या ठिबकतील. तो म्हणाला, "तोंड काय चालवतोस, जाळून दाखव." जाळल्या. ठिबकल्या खऱ्या. पेटती टिपं कापसावर पडली, चर्र झालं, पण कापूस पेटला नाही. पाचच्या पाच पट्ट्या पास! मालकानं पाठीत धपाटा घातला, मी सही ठोकली.

मिरच्यांची चिंता नको. इथं समुद्राकडचं वारं उलटलंय, भिंतींना घाम फुटलाय, फरशीवर पाणी, उशीवर हिरवी बुरशी. पण आमच्या खोलीत एक मोठी काचेची बरणी आहे, तळाशी ओल शोषणारे निळे दाणे. कापूस ठेवायची ती. कापूस काढून फळीवर ठेवला आणि तुझ्या मिरच्या आत घातल्या. कुडकुडीत आहेत. रोज दोन खातो आणि तुझी आठवण काढून रडतो, तिखटानं.

तुझा,
देकुन

---

शीक्वांगशान
१२ एप्रिल १९९४

कुन्या,

परवा आईबाबांची थडगी झाडून आले. तुझ्या नावानं कागदी पैसे जाळले, तेवढं तरी पुण्य तुला मिळो.

पेइलानचं पत्र आलं. तो मोउ पोरींचे कान पिळतो म्हणे. तुझ्या भाऊजींनी मला ते तीनदा वाचायला लावलं. मग मोउ, मोउ असं पुटपुटत जेवले. लक्ष ठेव बाबा. या माणसानं एकदा नाव तोंडात घोळवायला घेतलं की मला धडकी भरते.

आणि तुमचा धंदा बसला की काय? महिन्याला चाळीस गोण्या जायच्या, आता वीस जातात. नोकरी शाबूत आहे ना?

ताई

---

चांगमूथौ
१७ जून १९९४

ताई,

हे पत्र एकटीनं वाच. भाऊजींना आधी हाक मारू नकोस.

पेइलान जिवंत आहे. हे पहिलं वाक्य पुन्हा वाच आणि मग पुढं ये.

नौकांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, तिच्या कारखान्याला आग लागली. मी जेवून येत होतो. खिडक्यांना गज, दाराला बाहेरून कुलूप, माल चोरीला जाऊ नये म्हणून. पोरी गजांतून हात काढून किंचाळत होत्या. आम्ही रस्त्यावरची माणसं गज ओढत होतो. गज तापत गेले. माझ्या शेजारच्या भाजीवाल्यानं हात मागं घेतला तर तळव्याची कातडी गजालाच राहिली. आत पॅकिंगच्या स्पंजचे ढीग होते, ते जळत नव्हते ताई, फुटत होते. कुणीतरी आतून एक खिडकी फोडली, तिथून पोरी बाहेर पडल्या, बाहेर फेकल्या गेल्या म्हण. पेइलान सातवी. तिचे केस पेटलेले होते. मी माझ्या सदऱ्यानं विझवले.

तीन पोरी आतच राहिल्या.

पेइलानचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत, उजवा गाल, कान. धुरानं घसा गेलाय, बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात वाचेल. मी तिच्याजवळच आहे.

लोक म्हणतात, फोरमन मोउची सिगारेट.

देकुन

---

शीक्वांगशान
२४ जून १९९४

कुन्या,

रागानं खरडतेय, वाचता आलं नाही तर तुझं नशीब.

मी निघाले होते. भट्टीवाल्यांनी सुट्टी दिली नाही, मी मुकादमाच्या तोंडावर पुडीची गोणी फेकली. आता नोकरी राहते का जाते ते बघू. तुझ्या भाऊजींना सांगावंच लागलं. ते ओरडले नाहीत. घरातलं एकेक भांडं घेऊन अंगणात गेले आणि दगडावर ठेचून ठेचून सपाट केलं. कढईसुद्धा. आता आम्ही शेजाऱ्यांच्या पातेल्यात शिजवतो. त्यांना असं सोडून निघायची माझी छाती होत नाही. मग बसले आणि म्हणाले, "देकुनला विचार. लोक म्हणतात हे मला नको. त्यानं डोळ्यांनी पाहिलं का?"

सांग. मोउला सिगारेट ओढताना तू पाहिलंस का? आणि तो राहतो कुठं?

अजून एक विचारते. मी अडाणी बाई, पण गोण्या मोजता येतात मला. वीस गोण्यांत चाळीस गोण्यांचा माल तुम्ही कसा काढता? आणि तुझं ते नायलॉन आगीचा गळा दाबतं म्हणालास, मग त्या कारखान्यात सगळीकडे तुमचे बोर्ड होते, त्यांनी कुणाचा गळा दाबला?

खरं लिही. तू लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा तुझे कान लाल व्हायचे. पत्रात मला कान दिसत नाहीत.

ताई

---

चांगमूथौ
१ जुलै १९९४

ताई,

होय, पाहिलं.

मोउ बाजारामागं राहतो, भाजलेली बदकं टांगतात त्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळची खोली.

गोण्यांचं म्हणशील तर आता आम्ही अर्धी पूड इथल्याच व्यापाऱ्याकडून घेतो.

पेइलानच्या हाताची पट्टी रोज बदलतात. तिला बोलता येत नाही म्हणून ती ओरडत नाही, पायानं खाट लाथाडते. काल एका नर्सचा दात पाडला. भाऊजींचीच लेक.

देकुन

---

शीक्वांगशान
७ जुलै १९९४

कुन्या,

तुझे भाऊजी काल सकाळच्या गाडीनं निघाले. बरोबर धाकटे दोन दीर आहेत. पहार गोधडीत गुंडाळून नेलीय.

स्टेशनवर जा. त्यांना आधी खाऊ घाल, उपाशी असले की त्यांचा हात जास्त चालतो. हातपाय काय मोडायचे ते मोडू दे, मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या पोरीचा गाल गेलाय. पण जीव घेऊ देऊ नकोस. गोळी घालतील त्यांना. मला नवरा हवाय रे. एवढं एक काम कर.

हे पत्र त्यांच्यानंतर पोचेल हे ठाऊक आहे. तरी लिहिलं.

ताई

---

शीक्वांगशान
२५ जुलै १९९४

देकुन,

दिरांपैकी एक पळून आला, त्यानं सांगितलं. मोउचे दोन्ही गुडघे फुटले, एक डोळा गेला. तुझे भाऊजी तिथंच बसून राहिले, पोलीस येईपर्यंत. सात वर्षं तरी होतील म्हणतात. मी म्हटलं, होऊ देत. पोरीच्या बापानं करायचं ते केलं.

आणि काल पेइलानचं पत्र आलं. ती सांगत गेली आणि नर्सनं लिहिलं, आता तिला घोगरं का होईना बोलता येतं. माझ्या शब्दांत नाही, तिच्याच शब्दांत देते. "आई, फोरमननं स्टुलानं खिडकी फोडली. गज वाकवला तेव्हा त्याचे हात जळत होते, तरी सोडले नाहीत. मला कंबरेला धरून त्यानंच बाहेर टाकलं. त्याच्याकडे सिगारेट नव्हती. पगारातून कापतात म्हणून त्यानं नववर्षापासून सोडली होती. आग वरून आली. माझ्या डोक्यावरचा बोर्ड वितळला आणि त्यातून पेटती टिपं गळायला लागली. मामाला हे सगळं ठाऊक असेल, तो रोज तेच तर बघतो. मामा हल्ली इकडे येत नाही, त्याला सांग, मोउला भेट."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली रे आम्ही. आणि संन्याशाचं घर दाखवलं कुणी?

तू म्हणालास, होय, पाहिलं. काय पाहिलंस, ते आता लिही. नाही लिहिलंस तर मी तिथं येते, आणि मी पहार घेऊन येणार नाही, हातांनी येईन.

शुझेन

---

चांगमूथौ
२ ऑगस्ट १९९४

ताई,

ताई म्हणायचा हक्क उरलाय की नाही ठाऊक नाही, पण दुसरं काय म्हणू?

आगीनंतर तिसऱ्या दिवशी मी त्या राखेत गेलो. पेइलानच्या टेबलावर टांगलेला बोर्ड सापडला. आतला प्लग सैल होता, तापला होता, आणि कवच ओघळून खाली आलं होतं. ओघळ सरळ स्पंजच्या ढिगावर. तिथं सिगारेटचं थोटूक सोड, काडीसुद्धा नव्हती.

परत येऊन बरणीतून तुझ्या मिरच्या काढल्या. नवा कापूस दोन दिवस त्या निळ्या दाण्यांवर ठेवला, नियमात आहे तसा. मार्चच्या पट्ट्या थोड्या उरल्या होत्या. पहिल्या पट्टीचं पहिलं टिपूस पडलं आणि कापूस भडकला. दुसऱ्या पट्टीलाही तेच. पाचही पट्ट्यांना कापूस पेटला. मार्चमध्ये पेटला नव्हता, कारण तो फळीवर पडून हवेतलं पाणी पिऊन बसला होता, पिळला असता तर थेंब निघाला असता. नायलॉननं आग रोखली नव्हती ताई. ओल्या कापसानं रोखली. आणि कापूस ओला होता, कारण माझ्या मिरच्या कोरड्या राहाव्यात म्हणून मी तो बाहेर काढला होता. पूड क्वोकनं कमी केली. पण मी तेव्हाच सांगितलं असतं की हा माल नापास आहे, तर तो बोर्ड तिच्या डोक्यावर टांगलाच गेला नसता.

मी क्वोककडे गेलो, पट्ट्या घेऊन. म्हटलं, बोर्ड परत मागवा. तो म्हणाला, "सही कुणाची आहे?" मग फाटकावरच्या दोघांना बोलावलं. त्यांनी मला गोदामात नेलं, एकानं धरलं आणि दुसरा कमरेच्या पट्ट्याच्या पितळी बकलानं तोंडावर मारत राहिला. तीन दात गेले. क्वोक दारात उभा राहून म्हणाला, "मोउची सिगारेट सगळ्यांच्या सोयीची आहे. तुझ्या तर सगळ्यात जास्त." आणि तुला खरं सांगतो, तोंडातलं रक्त थुंकताना मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, मी तरी काय करणार, मला मारलंच की.

मग तुझं पत्र आलं. भाऊजींनी विचारलंय, डोळ्यांनी पाहिलं का. मला पहार दिसली. डोकं माझं फुटणार की मोउचं, एवढंच मी बघितलं. आणि लिहिलं, होय.

भाऊजी आले. तिघांना खानावळीत नेऊन शेवया खाऊ घातल्या. भाऊजींनी वाडगा संपवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू होतास म्हणून पोर वाचली." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, रडतोय.

जिना मी दाखवला. दार मी वाजवलं, मोउ मला ओळखत होता म्हणून. त्यानं कोपरानं कडी काढली, कारण दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. भाऊजी म्हणाले, "बघा, स्वतःच लावलेल्या आगीत भाजलाय." पहिला घाव गुडघ्यावर. कोरडं लाकूड मोडावं तसा आवाज आला. तो पडला. हात वर घेऊन डोकं वाचवायला गेला तर पट्ट्यांतून रक्त आलं. दुसरा गुडघा. मग तुझ्या दिरांनी लाथा घातल्या, त्यात डोळा गेला. तो सिचुआनी बोलीत काहीतरी ओरडत होता, पुन्हा पुन्हा तेच. मी भाऊजींच्या कमरेला मिठी मारून त्यांना मागं ओढलं, तेव्हा थांबले. पोलिसांना त्यांनी सांगितलं, हा मला अडवत होता, म्हणून मी सुटलो. तुझं पत्र यायच्या आधीच तुझं ते एक काम केलं.

बस, एवढंच चांगलं केलं मी.

देकुन

---

शीक्वांगशान
१० ऑगस्ट १९९४

देकुन,

पत्र चुलीत घातलं होतं, पुन्हा काढलं. कडा जळल्यात.

तुझ्यासाठी रडायला माझ्याकडे पाणी नाही. मिरच्या मी पाठवल्या, हे माझं मी बघेन. पण ऐक. परवा तुझ्या भाऊजींचं पत्र आलं, आतल्या कुणीतरी लिहून दिलेलं. लिहितात, "शांत झोप लागते. पोरीचा सूड घेतला, आता सात वर्षं म्हणजे सात दिवस." एका निर्दोष माणसाला लंगडा आणि काणा करून माझा नवरा शांत झोपतोय. आणि तू त्याला झोपू देतोयस.

मी त्यांना सांगणार नाही. पेइलानलाही बजावलंय, तिनंही सांगायचं नाही. तू सांगायचंस. पत्रानं नाही. तोंडानं, त्यांच्या समोर उभा राहून. त्यानंतर त्या पट्ट्या आणि तो कापूस घेऊन पोलिसांत जा. ते बोर्ड अजून कितीतरी घरांत टांगलेत, तिथंही कुणाच्या पेइलान आहेत.

हे झाल्यावरच मला पत्र लिही. झालं नाही तर तुझी बहीण मेली असं समज.

शुझेन

---

तुंगक्वान, कोठडी
२० सप्टेंबर १९९४

ताई,

झालं, म्हणून लिहितोय.

उशीर का, ते आधी सांगतो. तीन वेळा तुरुंगाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. चौथ्यांदा, काल, आत गेलो. त्याआधी मोउकडे गेलो होतो. त्याला त्याचा भाऊ गावी न्यायला आला होता. मी सगळं सांगितलं. मोउनं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि भावाला म्हणाला, "याच्यावर थुंकायचंय, पण इथून पोचणार नाही." मी पुढं सरकलो. तो थुंकला.

भाऊजी जाळीपलीकडे बसले होते. केस कापलेत, अंगानं बरे आहेत. मला बघून खूश झाले. विचारलं, पेइलान जेवते का, हातांच्या जखमा भरल्या का. मी म्हटलं, भाऊजी, मध्ये बोलू नका. आणि सांगितलं. पूड, पट्ट्या, कापूस, सही, बोर्ड, क्वोक, दात. मोउनं तिला बाहेर टाकलं, तेही.

त्यांनी ऐकलं. मग विचारलं, "मारताना तो काहीतरी ओरडत होता. मला त्याची बोली कळली नाही. तू इथं सात वर्षं सिचुआन्यांत राहिलास. तुला कळलं होतं?"

मी म्हटलं, कळलं होतं.

"काय म्हणत होता?"

"म्हणत होता, पोरीला विचारा. पोरीला विचारा."

ताई, त्यांनी मला एक शिवी दिली नाही. जाळीच्या दोन्ही कडा धरल्या आणि कपाळ आपटायला लागले. पहिल्याच फटक्याला फुटलं. तिघा शिपायांनी ओढलं तरी जाळी सुटेना, बोटं एकेक करून उलगडावी लागली. माझ्या तोंडावर त्यांचं रक्त उडालं. तोंडानं एकच चाललं होतं, "जेवलो त्याच्याबरोबर, जेवलो त्याच्याबरोबर." मोउबद्दल नाही, माझ्याबद्दल.

तसाच मी समोरच्या चौकीत गेलो. पट्ट्या, कापूस, माझ्या सहीचा मार्चचा कागद टेबलावर ठेवला. साहेबासमोर पट्टी जाळून दाखवली, कापूस पेटला, त्यानं घाबरून बुटानं विझवला. मग लिहून घेतलं. दुपारी क्वोकच्या गोदामाला सील लागलं, तो स्वतः हाँगकाँगला सटकला. मला ठेवून घेतलंय. तीन पोरींचं आहे, किती होईल ते सांगता येत नाही.

कागदपत्रं बघताना साहेबाच्या लक्षात आलं. म्हणाला, "ओउयांग लिशंग तुझा मेहुणा ना रे? जागा फक्त त्याच्याच बराकीत आहे. पण तू सांगत असशील तर तुला दुसऱ्या गावी पाठवायची सोय करतो. तो तुला जिवंत ठेवायचा नाही." मी म्हटलं, नको, तिथंच टाका. उद्या सकाळी हलवतील.

मला त्यांची भीती वाटत नाही असं म्हटलं तर तू माझे कान बघायला मागशील. वाटते. पण मध्ये जाळी ठेवून सांगितलं ते अर्धंच सांगितलं, असं मला वाटतं.

एकाच गोष्टीचा घोर आहे. त्यांनी हात उचलला तर त्यांची वर्षं वाढतील आणि तुला नवरा आणखी उशिरा मिळेल. म्हणून मी साहेबाला आधीच लिहून दिलंय, उद्यापासून माझ्या अंगावर जी काही जखम दिसेल ती पाय घसरून पडल्याची आहे.

देकुन